ऑस्ट्रियातल्या छोट्या गावाचा इतिहास आणि कारभार कसा अभ्यासावा

ऑस्ट्रियातल्या एखाद्या खेड्यावर लिहायला घेतलं की पहिला गोंधळ आकड्यांचा होतो. एका कागदात लोकसंख्या ३००, दुसऱ्यात १,४००, आणि तिसऱ्यात गावाचं नावच नाही. तिन्ही कागद बरोबर असू शकतात, कारण प्रत्येक कागद वेगळ्या हद्दीबद्दल बोलत असतो. म्हणून जुनं दप्तर उघडण्याआधी हद्दी नक्की करून घ्याव्यात. आजचा कारभार समजून घेतानाही हीच तयारी उपयोगी पडते.

आधी हद्दी

ग्रामीण ऑस्ट्रियात एकच घर चार वेगवेगळ्या हद्दींत मोडतं. पहिली आजच्या पालिकेची, म्हणजे गेमाइंडेची. निवडणूक, अंदाजपत्रक, बांधकाम परवाने सगळं तिच्या नावावर चालतं. दुसरी काटास्ट्रालगेमाइंडे, म्हणजे जमीनमोजणीचं गाव. याच्या सीमा १९व्या शतकातल्या मोजणीत आखल्या गेल्या आणि बहुतेक ठिकाणी तशाच टिकल्या. तिसरी पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या धर्मविभागाची, आणि चौथी १८४८पर्यंत चाललेल्या जमीनदारीची, ग्रुंडहेरशाफ्टची. या चार हद्दी क्वचितच जुळतात. एका खेड्यातली बारा घरं तीन वेगळ्या जमीनदारांची कुळं असणं अगदी सामान्य होतं, त्यामुळे त्या बारा घरांचे जुने कागदही तीन ठिकाणी सापडतात.

देशात आज सुमारे २,१०० पालिका आहेत आणि मोजणीची गावं त्याच्या तिपटीहून जास्त. प्रत्येक पालिकेला पाच अंकी क्रमांक असतो. त्यातला पहिला अंक राज्याचा (१ बुर्गनलांड, २ कॅरिंथिया, ३ लोअर ऑस्ट्रिया, ४ अप्पर ऑस्ट्रिया, ५ साल्झबर्ग, ६ स्टायरिया, ७ टिरोल, ८ फोरार्लबर्ग, ९ व्हिएन्ना), पुढचे दोन जिल्ह्याचे, शेवटचे दोन पालिकेचे. मोजणीच्या गावालाही स्वतंत्र पाच अंकी क्रमांक असतो, आणि दोन्ही पाच अंकीच असल्याने ते हमखास एकमेकांत मिसळतात. टिपणवहीच्या प्रत्येक पानावर दोन्ही क्रमांक वेगळ्या खुणेने लिहा. नॉयडॉर्फ, नॉयश्टिफ्ट, सांक्ट गेओर्गन अशा नावांची गावं देशभर पसरलेली आहेत. क्रमांक नसेल तर भलत्याच गावाचा इतिहास आपल्या गावाला चिकटतो.

यानंतर गेल्या शतकातली विलीनीकरणं तपासा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला देशात सुमारे ४,००० पालिका होत्या. १९७०च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्या सुमारे २,३००वर आल्या. लोअर ऑस्ट्रिया आणि बुर्गनलांडमध्ये तर त्या काळात नकाशाच बदलला, आणि बुर्गनलांडमधली काही गावं पुढे पुन्हा वेगळी झाली. स्टायरियात २०१५च्या सुधारणेने ५४२ पालिकांच्या २८७ झाल्या. टिरोलमध्ये १ जानेवारी २०२२ रोजी माट्राय आम ब्रेनर, म्युह्लबाख्ल आणि प्फोन्स या तीन पालिकांची एक झाली.

याचा थेट फटका लोकसंख्येच्या तक्त्याला बसतो. आधुनिक पद्धतीची पहिली मोठी जनगणना ३१ डिसेंबर १८६९ची. पुढच्या १८८०, १८९०, १९००, १९१०, १९२३, १९३४, १९३९ आणि १९५१पासून २००१पर्यंत दर दहा वर्षांनी. २०११पासून ही मोजणी नोंदवह्यांवरून होते. सांख्यिकी खात्याच्या, म्हणजे श्टाटिस्टिक ऑस्ट्रियाच्या, दीर्घ मालिका आजच्या हद्दीप्रमाणे मागे नेऊन मांडलेल्या असतात, तर १९१०च्या छापील खंडातला आकडा त्या दिवशीच्या हद्दीचा असतो. एकाच तक्त्यात दोन्ही घातले की गाव दुप्पट झालं किंवा ओस पडलं असं खोटंच चित्र उभं राहतं. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणत्या हद्दीचा आहे ते लिहा. वस्तीपातळीवरचे जुने आकडे हवे असतील, तर ऑस्ट्रियन विज्ञान अकादमीचा ऐतिहासिक स्थळकोश मोफत उपलब्ध आहे, आणि तो या कामातला सर्वांत भरवशाचा सोबती आहे.

नकाशा आणि मोजणी

गावाचं जुनं रूप पाहायचं असेल तर फ्रान्झिस्काइशर काटास्टर, म्हणजे १८१७ ते १८६१ या काळातली जमीनमोजणी, हाच पाया. नकाशे १:२८८० या प्रमाणात आहेत. हे विचित्र प्रमाण तेव्हाच्या मापांतून आलं: नकाशावरचा १ त्सोल म्हणजे जमिनीवरचे ४० क्लाफ्टर, आणि १ क्लाफ्टर म्हणजे ७२ त्सोल. मेट्रिकमध्ये नकाशावरचा १ सेंटिमीटर म्हणजे २८.८ मीटर. क्लाफ्टर १.८९६ मीटरचा, आणि १,६०० चौरस क्लाफ्टरचा एक योख, म्हणजे सुमारे ०.५७५५ हेक्टर. मेट्रिक मापं १८७६पासून सक्तीची झाली, तरी शेतकऱ्यांचे खासगी कागद त्यानंतरही बराच काळ योखमध्येच बोलतात.

मूळ रंगीत प्रतीला उरमापे म्हणतात. त्यात दगडी किंवा विटांच्या इमारती लाल आणि लाकडी इमारती पिवळ्या रंगवलेल्या असतात. आगी लागून गावं का पुन्हापुन्हा जळत, हे अशा पिवळ्या गर्दीकडे पाहून लगेच कळतं. मोजणीचे नकाशे केंद्रीय मोजमाप खात्याकडून मिळतात, आणि बऱ्याच राज्यांच्या ऑनलाइन नकाशांवर ते आजच्या नकाशाखाली थर म्हणून दिसतात. अप्पर ऑस्ट्रियाचं डोरिस, साल्झबर्गचं सागिस, टिरोलचं टिरिस, फोरार्लबर्गचं फोगिस, कॅरिंथियाचं कागिस ही त्या यंत्रणांची नावं लक्षात ठेवा.

नकाशावरचा भूखंड क्रमांक आणि घर क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या क्रमांकाआधी टिंब असतं, उदाहरणार्थ .४७, तो बांधलेला भूखंड. टिंब नसलेला ४७ म्हणजे शेत, कुरण किंवा रान. टिंब विसरलं की घर शेतात जाऊन पडतं. भूखंडाचा मालक कोण आणि घर क्रमांक कोणता, हे नकाशावर नसतं. ते सोबतच्या भूखंड-नोंदवहीत, म्हणजे पार्त्सेलेनप्रोटोकोलमध्ये असतं. म्हणून नकाशाची प्रत मागवताना ही वहीही मागवा. नुसता नकाशा मिळवून थांबणाऱ्यांना पुढे काहीच जोडता येत नाही.

मोजणीच्या आधीच्या काळासाठी दोन पायऱ्या आहेत: १७८५ ते १७८९ या काळातली जोसेफकालीन जमीननोंद, आणि त्याआधीची मारिया थेरेझाच्या काळातली १७५०च्या आसपासची करनोंद. लष्करी नकाशेही पाहावेत. पहिली मालिका १:२८,८०० प्रमाणात, १८व्या शतकाच्या उत्तरार्धातली. रस्ते, गिरण्या, फाशीचे माळ यांसाठी ती उत्तम, पण तिच्यावरून अंतरं मोजू नका. ती नीट त्रिकोणमितीवर उभी नाही.

पहिला उल्लेख: इथे घाई करू नये

जवळजवळ प्रत्येक पालिकेच्या माहितीपत्रकात ‘गावाचा पहिला लिखित उल्लेख’ म्हणून एक साल असतं, आणि त्यावरून वर्धापन सोहळे होतात. ते साल आंधळेपणाने उचलू नये. तीन प्रश्न विचारावेत. दस्तऐवज मूळ आहे की नंतरच्या शतकातली नक्कल? नावाचं त्यातलं रूप याच गावाचं आहे, की त्याच नावाच्या दुसऱ्या गावाचं? आणि तो अस्सल आहे की मठाने हक्क सिद्ध करण्यासाठी मागाहून तयार केलेला? मध्ययुगात असे बनावट दस्तऐवज सर्रास होत असत.

अस्सल दस्तऐवजाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण लोअर ऑस्ट्रियातल्या आमश्टेटन जिल्ह्यातलं नॉयहोफन आन डेर इब्स हे आहे. १ नोव्हेंबर ९९६ रोजी सम्राट ओटो तिसरा याने तिथली जमीन फ्रायझिंगच्या बिशपांना दिली. त्या दानपत्रात गावाचं नाव ‘निउवानहोवा’ असं आहे आणि प्रदेशाला ‘ओस्तारिखी’ म्हटलं आहे. ऑस्ट्रियाच्या नावाचा हा सर्वांत जुना ज्ञात लिखित उल्लेख. हा दस्तऐवज मात्र ऑस्ट्रियात नाही, म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या मुख्य राज्य अभिलेखागारात आहे, कारण जमिनीचा धनी फ्रायझिंगचा बिशप होता आणि १८०३मध्ये बिशपांची राज्यं खालसा झाली तेव्हा त्यांचं दप्तर बव्हेरियाकडे गेलं. आपल्या गावाचा जमीनदार फ्रायझिंगचा किंवा पासाउचा बिशप असेल, तर शोध व्हिएन्नात संपत नाही. मध्ययुगीन दस्तऐवजांच्या प्रतिमा मोनास्टेरियम या संकेतस्थळावर मोठ्या संख्येने पाहता येतात. गावाच्या नावाची जुनी रूपं आधी स्थळनामकोशातून गोळा करून मगच शोध घ्या.

पालिकेचं चिन्हही असंच फसवतं. दिसायला मध्ययुगीन असलेली बरीच ग्रामीण चिन्हं राज्य सरकारने १९६०नंतर बहाल केलेली आहेत. चिन्हावर गिरणीचं चाक आहे म्हणून गिरणी ५०० वर्षांची ठरत नाही; चिन्ह दिल्याचा ठराव शोधा, त्यात कारणमीमांसा दिलेली असते.

घरं, माणसं आणि चर्चच्या वह्या

१७७०पासून सैन्यभरतीसाठी घरांना क्रमांक दिले गेले. १७८४मध्ये सम्राट जोसेफ दुसरा याने पॅरिशच्या जन्म, विवाह, मृत्यूच्या वह्यांना सरकारी नोंदीचं रूप दिलं आणि रकाने ठरवून दिले. त्यात घर क्रमांक येतो. म्हणून १७८४नंतरच्या नोंदी घरानुसार लावता येतात, त्याआधीच्या फक्त नावानुसार. नवी घरं उभी राहिली की काही गावांनी क्रमांक बदलले, तेव्हा एकाच कुटुंबाच्या सलग नोंदींत क्रमांक अचानक बदलला तर त्यांनी घर सोडलं असं लगेच मानू नका. शेजाऱ्यांचेही क्रमांक त्याच वर्षी बदललेत का ते पाहा.

घराचं नाव आणि आडनाव यांतला फरक त्याहून मोठा सापळा आहे. शेतवाडीला स्वतःचं नाव असतं आणि ते मालक बदलला तरी टिकतं. नोंदीत ‘फुल्गो’ या शब्दानंतर येतं ते हे घराचं नाव. विधवेने पुनर्विवाह केला की नवऱ्याचं आडनाव येतं, घराचं नाव तेच राहतं. कुटुंबवृक्ष आणि घराचा इतिहास म्हणूनच दोन वेगळ्या तक्त्यांत ठेवावेत.

बहुतेक कॅथलिक वह्यांच्या प्रतिमा मात्रिकुला या संकेतस्थळावर मोफत आहेत. टिरोलचं वेगळं पोर्टल आहे. गोपनीयतेची मुदत जन्माला १०० वर्षं, विवाहाला ७५, मृत्यूला ३०. सरकारी नागरी नोंदणी १९३८-३९मध्ये सुरू झाली. बुर्गनलांड १९२१पर्यंत हंगेरीत असल्याने तिथे नागरी नोंदी ऑक्टोबर १८९५पासून आहेत, आणि त्या काळातले कागद हंगेरियन भाषेत, गावांची नावंही हंगेरियन. त्या गावासाठी दोन्ही नावं शोधावी लागतात.

लिपी कुरेंट, म्हणजे जुनी जर्मन हस्तलिपी आहे, आणि ती शिकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सुरुवात १८७०नंतरच्या वह्यांपासून करा, कारण त्यांत रकाने छापील असतात आणि मोजकेच शब्द वारंवार येतात. गावातली वीस आडनावं आणि वीस घरनावं आधी नीट ओळखता आली की उरलेलं पान वाचणं सोपं जातं. ‘इ’, ‘न’, ‘म’ आणि ‘उ’ या अक्षरांच्या दांड्या सारख्याच दिसतात. ‘उ’वर वक्र रेघ असते, तिच्यावर नजर ठेवा.

हिशेबाच्या वह्यांत चलन तपासा. १८५८पर्यंत गुल्डन ६० क्रॉयत्सरचा, त्यानंतर १०० क्रॉयत्सरचा. १८९२मध्ये क्रोन आला, एका गुल्डनचे २ क्रोन. १९२५मध्ये १०,००० क्रोनांचा एक शिलिंग झाला. १९२१-२२च्या हिशेबात पूल दुरुस्तीवर लाखो क्रोन दिसतात ते महागाईमुळे, पालिका श्रीमंत झाली म्हणून नव्हे. १९३८मध्ये दीड शिलिंगाचा एक राइख्समार्क, १९४५मध्ये पुन्हा शिलिंग, आणि शेवटी १ युरोला १३.७६०३ शिलिंग.

पालिका कधी जन्मली

७ सप्टेंबर १८४८च्या कायद्याने शेतकरी जमीनदारीतून सुटला. जमीनदार गेला तेव्हा त्याचं स्थानिक प्रशासनही गेलं, आणि ती पोकळी भरायला १७ मार्च १८४९चा हंगामी पालिका कायदा आला. ‘स्वतंत्र राज्याचा पाया म्हणजे स्वतंत्र पालिका’ हे त्याचं पहिलं वाक्य. पुढे निरंकुश राजवटीत निवडणुका थांबल्या. ५ मार्च १८६२च्या कायद्याने पालिका पक्क्या झाल्या आणि नंतरच्या काही वर्षांत प्रत्येक प्रांताने आपापले पालिका नियम केले. जिल्हा कचेरी, बेत्सिर्क्सहाउप्टमानशाफ्ट, आजच्या रूपात १८६८ची. बहुतेक गावांत पालिकेची इतिवृत्तं १८५० आणि १८६०च्या दशकांत सुरू होतात. आधीची सापडत नाहीत म्हणून ती हरवली असं समजू नका, अनेकदा ती नव्हतीच.

जुनी इतिवृत्तं वाचताना मतदारांची वर्गवारी माहीत हवी. १९१८पर्यंत मतदार भरलेल्या करानुसार दोन किंवा तीन गटांत वाटलेले असत आणि प्रत्येक गट सारख्याच संख्येने सदस्य निवडे. म्हणजे पहिल्या गटातले मोजके मोठे शेतकरी, गिरणीवाला आणि एखादा कारखानदार यांना शेवटच्या गटातल्या सगळ्या लहान घरमालकांइतक्याच जागा मिळत. मजुरांना बहुधा मतच नसे. परिषद रस्त्याला पैसा देते आणि शाळेला नाही, याचं कारण मतदारांच्या यादीत सापडतं. ही यादी सहसा स्वतंत्र पुडक्यात असते, ती मुद्दाम मागावी लागते.

दप्तरातला सर्वांत जाड भाग मात्र गरिबांचा असतो, आणि तो बहुतेक लेखक ओलांडून पुढे जातात. हे मला फार खटकतं. १८६३च्या कायद्याप्रमाणे हाइमाटरेख्ट, म्हणजे एखाद्या पालिकेत मायभूमीचा हक्क असलेल्या माणसाला म्हातारपणी किंवा आजारपणी त्या पालिकेनेच पोसायचं होतं, मग तो ४० वर्षं व्हिएन्नात राबलेला का असेना. त्यामुळे पालिका हा हक्क देताना काचकूच करत, लग्नाला आडकाठी आणत, आजारी माणसाच्या खर्चावरून एकमेकींशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करत. १८९६च्या दुरुस्तीने दहा वर्षं सलग राहिलेल्याला हक्क मागता येऊ लागला. १९३९मध्ये ही पद्धत संपली. ही पत्रं, हक्काची नोंदवही आणि गरीबनिधीचे हिशेब एकत्र वाचले तर ज्यांच्या नावावर कधी जमीन नव्हती अशा माणसांचा इतिहास हाती लागतो. तो दुसऱ्या कुठल्याच कागदात नाही.

१९३४ ते १९४५

फेब्रुवारी १९३४नंतर निवडून आलेली परिषद राहिली नाही. १९३८मध्ये जर्मन पालिका कायदा लागू झाला: पालिकाप्रमुख नेमलेला, सदस्य केवळ सल्लागार. त्यामुळे या काळातल्या इतिवृत्तांत मतदान दिसत नाही, फक्त निर्णय दिसतात. राज्यांच्या हद्दीही बदलल्या. ऑक्टोबर १९३८मध्ये बुर्गनलांड मोडून लोअर ऑस्ट्रिया आणि स्टायरियात वाटलं गेलं, पूर्व टिरोल कॅरिंथियाला जोडलं गेलं. त्या वर्षांचे कागद आजच्या राज्याच्या अभिलेखागारात नसतील तर तिकडे विचारा. लोअर ऑस्ट्रियातल्या वाल्डफिर्टल भागात आलेनट्श्टाइगच्या लष्करी सरावक्षेत्रासाठी १९३८पासून डोल्लर्सहाइमसह कित्येक गावं रिकामी केली गेली. तिथल्या माणसांचा माग शेजारच्या पालिकांच्या वह्यांत काढावा लागतो.

पालिकेच्या कागदांत पानं फाडलेली किंवा वर्षं गायब असतील तर चार समांतर वह्या पाहा: शाळेची बखर, पॅरिशची बखर, अग्निशमन दलाची बखर आणि पोलीस ठाण्याची बखर. ग्रामीण पोलीस, म्हणजे जेंडार्मरी, १८४९मध्ये स्थापन झाली आणि २००५मध्ये पोलिसांत विलीन झाली. ठाण्याच्या बखरी असतील तिथे तारखेनिशी बोलतात. शाळेच्या बखरीतल्या १९३८ ते १९४५च्या नोंदी मागाहून नव्याने लिहिलेल्या असू शकतात. शाई, हस्ताक्षर आणि पानांचे क्रमांक तपासा.

आजचा कारभार वाचताना

आजच्या पालिकेचा कायदेशीर पाया १९६२च्या घटनादुरुस्तीत आहे. घटनेची कलमं ११५ ते १२० वाचून घ्यावीत, ती फार लांब नाहीत. तीन अंगं सगळीकडे सारखी: निवडलेली परिषद म्हणजे गेमाइंडेराट (साल्झबर्ग आणि फोरार्लबर्गमध्ये तिला गेमाइंडेफेरट्रेटुंग म्हणतात), तिच्यातून निवडलेलं कार्यकारी मंडळ, आणि ब्युर्गरमाइस्टर, म्हणजे पालिकाप्रमुख. बाकी बरंच राज्यानुसार बदलतं. परिषदेची मुदत कॅरिंथिया, अप्पर ऑस्ट्रिया आणि टिरोलमध्ये सहा वर्षं, इतरत्र पाच. लोअर ऑस्ट्रिया आणि स्टायरियात पालिकाप्रमुखाला परिषद निवडते. बुर्गनलांड, कॅरिंथिया, अप्पर ऑस्ट्रिया, साल्झबर्ग, टिरोल आणि फोरार्लबर्गमध्ये लोक थेट निवडतात. सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते: लोअर ऑस्ट्रियात ५०० रहिवाशांपर्यंत १३, १,०००पर्यंत १५, २,०००पर्यंत १९. मतदानाचं वय १६, आणि युरोपीय संघातल्या इतर देशांचे रहिवासीही पालिकेला मत देतात. फोरार्लबर्गच्या काही लहान गावांत कोणी यादीच दाखल करत नाही. तिथे मतदार कोऱ्या मतपत्रिकेवर नावं लिहितात.

पालिकाप्रमुखाची दोन प्रकारची कामं वेगळी ओळखता आली पाहिजेत, नाहीतर चुकीच्या माणसाला दोष दिला जातो. स्वतःच्या कक्षेतली कामं, उदाहरणार्थ गावरस्ते, स्थानिक नियोजन, बांधकाम परवाने, आग प्रतिबंध, यांत पालिका स्वतंत्र असते आणि परिषदेला उत्तर देते. सोपवलेली कामं, उदाहरणार्थ रहिवासी नोंदणी किंवा राष्ट्रीय निवडणुकांची व्यवस्था, यांत पालिकाप्रमुख केंद्र किंवा राज्याच्या आदेशाने बांधलेला असतो आणि परिषदेला त्यात बोलण्याचा अधिकार नसतो.

परिषदेच्या बैठका सर्वांसाठी खुल्या असतात. काही विषय बंद दाराआड घेता येतात, पण अंदाजपत्रक आणि वार्षिक हिशेब यांच्या चर्चेतून जनतेला वगळता येत नाही, ही घटनेचीच अट आहे. विषयपत्रिका सूचनाफलकावर लागते. इतिवृत्त वाचताना ठरावापुढे ‘एकमताने’ एवढंच असेल तर खरी चर्चा आधी कार्यकारी मंडळात किंवा समितीत झालेली असते.

जमीनवापराचा आराखडा, फ्लेखेनविडमुंग्सप्लान, हा पैशाच्या दृष्टीने परिषदेचा सर्वांत वजनदार निर्णय. कुरण बांधकामयोग्य ठरलं की त्याची किंमत कैक पटींनी वाढते. लोअर ऑस्ट्रियाच्या आराखड्यात ‘बीए’ म्हणजे शेतवाड्यांचं बांधकाम क्षेत्र, ‘बीडब्ल्यू’ म्हणजे निवासी. बदलाला राज्याची मंजुरी लागते आणि त्याआधी मसुदा लोकांसाठी ठेवला जातो. हरकत लेखी आणि त्याच मुदतीत द्यावी लागते.

पैसा कुठून येतो

२०२०पासून पालिकेचा जमाखर्च तीन भागांत मांडतात: उत्पन्न-खर्च, रोख प्रवाह आणि मालमत्ता. लहान पालिकेसाठी रोख प्रवाहाचा भाग आधी वाचा. उत्पन्न-खर्चात रस्ते आणि गटारांची घसारा-रक्कम येते, त्यामुळे तो भाग बहुधा तुटीत दिसतो आणि नवखा वाचक घाबरतो. पालिकेकडे पगार आणि हप्ते भरायला पैसे आहेत का, हे रोख प्रवाह सांगतो.

सर्वांत मोठा स्रोत सहसा केंद्रीय करांतला वाटा असतो. तो वाटताना माणशी गुणक लावतात: १०,०००पर्यंतच्या पालिकेला १ ४१/६७, म्हणजे सुमारे १.६१, आणि ५०,०००वरच्या शहराला २ १/३. म्हणजे १,००० वस्तीच्या गावाचे १,६१२ गुण, तर शहरातल्या तेवढ्याच माणसांचे २,३३३. मोठं शहर आजूबाजूच्या प्रदेशालाही सेवा देतं म्हणून हा फरक ठेवला आहे. पण एकट्या वस्त्यांपर्यंत बर्फ हटवणारं आणि लांब जलवाहिन्या सांभाळणारं खेडं यात घाट्यात राहतं, आणि त्यांची तक्रार मला रास्त वाटते. गुणक फक्त मुख्य निवास तिथे असलेल्या रहिवाशांना लागतो, म्हणून सुट्टीची घरं जास्त असलेल्या गावात खर्च सगळ्यांचा आणि वाटा निम्म्यांचा अशी स्थिती येते.

दुसरा स्रोत कोमुनालश्टॉयर: मालकाने दिलेल्या एकूण पगाराच्या ३ टक्के. २० लाख युरो वार्षिक पगार देणारी एक करवत गिरणी पालिकेला वर्षाला ६०,००० युरो देते. ती बंद पडली की दोन वर्षांत बालवाडीचा खर्च जड होतो. तिसरा जमीनकर, शेतीसाठी ‘अ’ आणि इतरांसाठी ‘ब’. यात पालिका ५०० टक्क्यांपर्यंत गुणक लावू शकते आणि जवळजवळ सगळ्या तो पूर्ण लावतात, तरी ‘ब’चं उत्पन्न तुटपुंजं राहतं, कारण मालमत्तेची शेवटची सर्वसाधारण आकारणी १९७३ची आहे. पाणी, मलनिस्सारण आणि कचऱ्याचं शुल्क याव्यतिरिक्त.

अनेक वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहायचे असतील तर ओफेनर हाउसहाल्ट हे संकेतस्थळ आहे. पालिकेने स्वतः संमती दिली असेल तरच तिची माहिती तिथे सविस्तर दिसते. केंद्रीय लेखापरीक्षण खातं आपणहून १०,००० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या पालिकाच तपासू शकतं, त्यामुळे खेड्यासाठी राज्याच्या देखरेख खात्याचे अहवाल शोधा.

टिरोलच्या गावांत आणखी एक खातं बघावंच लागतं: आग्रारगेमाइनशाफ्ट, म्हणजे रान आणि कुरणांची शेतकरी संस्था. पूर्वी पालिकेची असलेली सामायिक मालमत्ता २०व्या शतकाच्या मध्यात अनेक ठिकाणी अशा संस्थांच्या नावावर चढवली गेली. २००८मध्ये मीडर्स गावाच्या प्रकरणात घटना न्यायालयाने सांगितलं की लाकूड आणि चराईचे जुने हक्क सभासदांचे राहतील, पण जमिनीचं मूळ मूल्य, म्हणजे खडी, स्की मार्गाचं भाडं किंवा विक्रीचा पैसा, पालिकेचा आहे. २०१४पासून पालिका त्यासाठी आपला प्रतिनिधी नेमते. टिरोलमध्ये ग्रुंडबुख, म्हणजे जमीन-मालकीची सरकारी नोंदवही, १८९७च्या कायद्यानंतर तयार झालं, म्हणून रान मुळात कोणाचं होतं हे पाहायला त्याआधीच्या न्यायालयीन वह्या, फेरफाखब्युखर, उघडाव्या लागतात.

माहिती कशी मागावी

१ सप्टेंबर २०२५पासून माहिती स्वातंत्र्य कायदा लागू आहे. ५,०००पेक्षा कमी वस्तीच्या पालिकेला माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याची सक्ती नाही, पण मागितल्यावर उत्तर द्यावंच लागतं. अर्ज साधा, ईमेलनेही चालतो, शुल्क नाही. ‘गटारांविषयी सगळी माहिती’ असं मागू नका. ‘२०१८ ते २०२४ या वर्षांतले मलनिस्सारण शुल्काचे परिषद ठराव, प्रत्येकाची प्रत’ असं मागा. खेड्याच्या कचेरीत दोन-तीन माणसं सगळं काम पाहतात. मोघम अर्ज तिथे तळाशी जातो.

उत्तराची मुदत चार आठवडे, विशेष कारण असेल तर आणखी चार. माहिती नाकारली किंवा काहीच आलं नाही, तर लेखी निर्णयाची, म्हणजे बेशाइडची, स्पष्ट मागणी करा. तो दोन महिन्यांत द्यावा लागतो आणि त्याविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात जाता येतं. ही मागणी केली नाही तर न्यायालयात नेण्यासारखं हाती काहीच राहत नाही. जुन्या दप्तरासाठी मात्र हा मार्ग वापरू नये. तिथे अभिलेखागाराचे नियम लागतात. आधी कचेरीच्या प्रमुखाला, आम्ट्सलाइटरला, पत्र लिहून कोणत्या वर्षांची कोणती वही हवी ते कळवा आणि ती पालिकेत आहे की राज्याच्या अभिलेखागारात जमा झाली आहे ते विचारा. जमा झाली असेल तर जाण्याआधी जमा-यादीतला क्रमांक मागून घ्या. वाचनकक्षात पुडकी आदल्या दिवशी मागवावी लागू शकतात.